वाचकांचे प्रश्न : इंजिन नसलेली गाडी आणि आपली रोजीरोटी

विजेवर चालणाऱ्या वाहनांमुळे आपल्या व्यवसायावर आणि घरच्या व्यवहारावर काय परिणाम होईल, याविषयीचे प्रश्न आम्ही वाचकांकडून मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी सहा येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेनुसार छापलेली नाहीत आणि लांबलेली पत्रे थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : भोसरी एमआयडीसीत माझे छोटे मशिन शॉप आहे. व्हॉल्व्ह गाइड, रॉकर शाफ्ट आणि पिस्टन पिन या इंजिनाच्या भागांचे जॉब वर्क आम्ही करतो. मुलगा म्हणतो, पाच वर्षांत हे सगळे संपणार; पण ऑर्डर तर गेल्या वर्षीपेक्षा कमी झालेल्या नाहीत. नवे सीएनसी (संगणकनियंत्रित) मशिन घेण्याचा विचार होता, तो पुढे न्यावा की सोडून द्यावा? – एक लघुउद्योजक, भोसरी

उत्तर : मुलाने दाखवलेली दिशा बरोबर आहे, मात्र पाच वर्षांची मुदत सर्व वाहनांना सारखी लागू पडणार नाही. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात विकल्या गेलेल्या दुचाकींपैकी सुमारे सहा टक्के विजेवरच्या होत्या; मोटारींत हे प्रमाण तीन टक्क्यांच्याही आत होते, तर ई-रिक्षा धरून तीनचाकींमध्ये ते निम्म्याच्या पुढे गेले होते. आपला माल तीनचाकीच्या इंजिनात जात असेल तर मुलाचे म्हणणे आजच खरे ठरले आहे, आणि ट्रॅक्टरच्या किंवा जनरेटरच्या डिझेल इंजिनात जात असेल तर ते बराच काळ खरे ठरणार नाही. म्हणून पहिली गोष्ट ही करावी की, आपले भाग शेवटी कोणत्या वाहनात बसतात याची यादी काढावी. जॉब वर्क करणाऱ्या पुष्कळ कारखानदारांना आपल्या थेट गिऱ्हाइकाचे नाव ठाऊक असते, पण त्याच्याकडून माल पुढे कोठे जातो याची नेमकी माहिती नसते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. आज आपल्या हाती असलेली ऑर्डर ही तीन-चार वर्षांपूर्वी वाहन कंपनीने घेतलेल्या निर्णयाचे फळ असते. गाडीचे मॉडेल ठरते, मग ड्रॉइंग निघतात, नमुने मंजूर होतात, डाय आणि फिक्स्चर तयार होतात आणि त्यानंतर उत्पादन सुरू होऊन ते काही वर्षे चालते. त्यामुळे महिन्याची विक्री जशीच्या तशी असतानाही व्यवसायाची मुळे आतून सुकत जाऊ शकतात. आपल्याकडे गेल्या दोन वर्षांत कोटेशनसाठी किती नवी इंजिन-ड्रॉइंग आली आणि त्याआधीच्या दोन वर्षांत किती आली होती, हे जुन्या ईमेलमधून मोजून पाहावे. माझ्या मते ऑर्डरबुकपेक्षा हा हिशेब अधिक खरे बोलतो. नव्या ड्रॉइंगचा ओघ आटला असेल, तर जुन्या मॉडेलची मागणी कितीही भरघोस असली तरी तिच्या भरवशावर सात वर्षांचे कर्ज काढू नये.

आता मशिनविषयी. विजेच्या गाडीत पिस्टन, व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट, क्रँकशाफ्ट, क्लच, स्पार्क प्लग, सायलेन्सर यांपैकी काहीच नसते; पण धातूचे काम तिथेही संपत नाही. मोटरचा रोटर शाफ्ट, रिडक्शन गिअर, बेअरिंगची घरे, ॲल्युमिनियमचे मोटर हाउसिंग आणि बॅटरीतल्या तांब्याच्या बसबार पट्ट्या यांना मशिनिंग लागतेच. फरक पडतो तो अचूकतेत. मोटर इंजिनापेक्षा पुष्कळ वेगाने फिरते, त्यामुळे शाफ्टचा रनआउट (फिरताना होणारे डगमगणे) आणि बॅलन्सिंग यांबाबत गिऱ्हाईक फारच काटेकोर असते; शिवाय इंजिनाचा आवाज गेल्यामुळे पूर्वी त्यात दडून जाणारी गिअरची किणकिण आता चालकाला स्पष्ट ऐकू येते, म्हणून दातांचे ग्राइंडिंगही सुधारावे लागते. म्हणजे घ्यावयाचे मशिन केवळ पिस्टन पिनसाठी जुळवलेले असेल तर थांबावे. ते शाफ्टच्या कुळातला कोणताही भाग बारीक टॉलरन्समध्ये (मापातील अगदी थोड्या फरकाच्या मर्यादेत) करू शकणारे असेल, आणि सोबत मोजमापाच्या साधनांवर खर्च करण्याची तयारी असेल, तर ते घेणे समजण्यासारखे आहे. मोजमापावर खर्च करताना आपल्याकडच्या कारखानदारांचा हात आखडतो, हे मी मुद्दाम नोंदवतो.

कोल्हापूरकडच्या फाउंड्रीचालकांनीही असाच प्रश्न विचारला होता, त्याचे उत्तर येथेच देतो. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल या पट्ट्यात बिडाचे कास्टिंग करणाऱ्या भट्ट्या सिलिंडर ब्लॉक, हेड आणि फ्लायव्हील यांच्या कामावर जितक्या अवलंबून आहेत तितका धोका खरा आहे, कारण नवे हाउसिंग बहुतेक ॲल्युमिनियमच्या डायकास्टिंगचे असते आणि ते तंत्र वेगळे आहे. ब्रेक ड्रम, हब, ट्रॅक्टरची हाउसिंग, पंप आणि औद्योगिक व्हॉल्व्ह यांना मात्र इंजिन गेल्याने बाधा येत नाही.

एक सावधगिरी उलट बाजूनेही बाळगावी. विजेच्या गाडीचे काम मिळाले म्हणजे निश्चिंत झालो, असे नाही. चीनने एप्रिल २०२५ मध्ये विजेच्या मोटरीत लागणाऱ्या, दुर्मीळ मृदा धातूंच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली आणि काही महिन्यांतच आकुर्डीच्या बजाज ऑटोला आपल्या विद्युत वाहनांचे उत्पादन घटवावे लागले. त्या वेळी पिस्टनचे काम करणाऱ्यांच्या यंत्रांवर काहीही परिणाम झाला नव्हता. दोन्ही प्रकारची गिऱ्हाइके काही वर्षे सांभाळणे कष्टाचे आहे, तरी आपल्या आकाराच्या कारखान्याला तेच अधिक सुरक्षित आहे.

प्रश्न : साताऱ्यात माझे दुचाकीचे गॅरेज आहे. इलेक्ट्रिक स्कूटरला ना ऑइल, ना प्लग, ना क्लच प्लेट. आणि काही बिघडले तर कंपनी सांगते, बाहेर दाखवाल तर वॉरंटी जाईल. आमच्यासारख्यांनी काय करावे? – एक गॅरेजमालक, सातारा

उत्तर : आपल्यापाशी पहिल्या पत्रलेखकापेक्षा जास्त वेळ आहे, कारण कारखाना नव्या गाड्यांवर जगतो आणि गॅरेज जुन्या गाड्यांवर. उद्या सकाळी देशातली पेट्रोल दुचाकींची विक्री बंद झाली, तरी रस्त्यावर आधीच असलेल्या कोट्यवधी गाड्या दहा-बारा वर्षे दुरुस्तीला येत राहतील.

असा बदल आपण एकदा पचवलेलाही आहे. १ एप्रिल २०२० रोजी बीएस-६ ही वाहनांच्या धुराची मानके लागू झाली आणि नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसा होऊन त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले. कानाने इंजिन ओळखणाऱ्या कसबी मिस्त्रींना सेन्सर आणि स्कॅनर यांची भाषा शिकावी लागली. ज्यांनी ती शिकून घेतली त्यांच्याकडे आज गर्दी आहे.

विजेच्या स्कूटरमध्ये ब्रेक, टायर, सस्पेन्शन, स्टिअरिंगचे कोन-सेट, दिवे आणि बॉडीची कामे तशीच राहतात. नवे काम मुख्यत्वे वायरिंगचे आहे : सैल किंवा गंजलेले कनेक्टर, पावसाळ्यात पाणी गेलेली हार्नेस, बंद पडलेला डीसी-डीसी कन्व्हर्टर (बॅटरीचा दाब दिव्यांसाठी कमी करणारा भाग), थ्रॉटलचा सेन्सर. चांगला मल्टीमीटर, योग्य क्रिंपिंग टूल आणि सर्किट वाचण्याचा सराव एवढ्यावर यांतले पुष्कळसे दोष सापडतात. बॅटरी पॅकमात्र प्रशिक्षणाशिवाय उघडू नये. दुचाकींचा पॅक बहुधा ४८ ते ७२ व्होल्टचा असतो, आणि ६० व्होल्टच्या पुढचा डीसी (एकदिश) वीजदाब धोकादायक मानतात. मोटारींत तर तो तीनशे-चारशे व्होल्टच्या घरात किंवा त्याहूनही वर असतो. शॉर्ट झालेल्या पॅकमधून निघणारा प्रवाह पाना वितळवू शकतो, हे गॅरेजमधल्या शिकाऊ मुलांना पहिल्याच दिवशी सांगावे.

वॉरंटीबद्दलची आपली तक्रार रास्त आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काबाबत समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यासाठी संकेतस्थळही सुरू केले. त्यात वाहन क्षेत्राचा समावेश आहे. परंतु बाहेरच्या गॅरेजला निदानाचे सॉफ्टवेअर आणि सुटे भाग दिलेच पाहिजेत, अशी कायद्याची सक्ती त्यातून झालेली नाही. ती होईपर्यंत वाट पाहत बसण्याचे कारण नाही, कारण आपला धंदा वॉरंटी संपल्यावरच सुरू होतो आणि पूर्वीही तसाच होत असे. २०२० ते २०२२ या काळात विकल्या गेलेल्या पुष्कळ स्कूटरची तीन वर्षांची मूळ वॉरंटी आता संपली आहे. त्यांतल्या काही कंपन्या बंद पडल्या किंवा त्यांची सेवाकेंद्रे तालुक्याच्या गावी नाहीत. हे मालक कोणाकडे जाणार? साताऱ्यात या कामाचे नाव ज्याचे आधी होईल, त्याच्याकडे.

प्रश्न : आमच्या सोसायटीत दोन सभासदांनी पार्किंगमध्ये चार्जिंगची परवानगी मागितली आहे. आग लागेल या भीतीने कमिटीने नकार दिला. मी सचिव आहे. आमचे चुकले का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : भीती निराधार नाही, पण सरसकट नकाराने धोका कमी होण्याऐवजी वाढतो. २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये पुण्यासह देशात अनेक ठिकाणी स्कूटरना आगी लागल्या. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षिततेचे एआयएस-१५६ हे मानक अधिक कडक करण्यात आले आणि डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत ते लागू झाले. एका सेलमध्ये बिघाड झाला तरी आग पॅकभर पसरू नये, पाणी आत जाऊ नये, चार्जिंग मर्यादेबाहेर गेल्यास पॅकचा वीजप्रवाह आपोआप तोडला जावा, अशा चाचण्या त्यात आहेत. या तारखेनंतरचे, नोंदणी झालेले वाहन आणि अनोळखी बॅटरी बसवलेली, ताशी २५ किलोमीटरच्या आतली विनानोंदणी स्कूटर यांत कमिटीने फरक करावा. दुसऱ्या प्रकारच्या वाहनाबाबत तुमची कठोरता मला मान्य आहे.

पार्किंगमध्ये परवानगी नाकारली की काय होते, तेही पाहावे. सभासद काढता येणारी बॅटरी लिफ्टमधून घरात नेतो आणि रात्रभर दिवाणखान्यात चार्ज करतो, किंवा पहिल्या मजल्याच्या खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडतो. दोन्ही प्रकार पार्किंगमधल्या नीट बसवलेल्या सॉकेटपेक्षा कितीतरी घातक आहेत.

विजेच्या भाराचा बाऊ स्कूटरपुरता तरी करू नये. तिचा चार्जर साधारण इस्त्रीइतकी किंवा त्याहून कमी वीज घेतो. मोटारीचे तसे नाही : तिचा घरगुती चार्जर ३.३ किंवा सुमारे ७ किलोवॉटचा असतो, आणि संध्याकाळी एकाच वेळी दहा मोटारी जोडल्या तर जुन्या इमारतीचा मंजूर भार अपुरा पडेल. म्हणून आज दोघांसाठी तडजोड शोधण्याऐवजी पुढच्या दहा वर्षांची वायरिंग एकदाच ठरवावी. आपल्या घरच्या वीजजोडणीवरून वाहन चार्ज करण्यास केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी मुभा दिली आहे. सभासदाच्या स्वतःच्या मीटरवरून किंवा सब-मीटरवरून स्वतंत्र वायर, तिला एमसीबी आणि आरसीसीबी (जादा भार किंवा गळती होताच वीज तोडणारे स्विच), परवानाधारक वायरमनचे प्रमाणपत्र, आणि रात्री अकरानंतर मोटारींना पाळीने वीज, असा ठराव सर्वसाधारण सभेत करून घ्यावा. चार्जिंगची जागा जिन्याच्या तोंडाशी आणि मीटर बॉक्सच्या शेजारी नसावी, एवढे पथ्य मात्र कसोशीने पाळावे.

आणि जाता जाता : ज्या पार्किंगमध्ये प्रत्येकी पाच लिटर पेट्रोल भरलेल्या साठ दुचाकी उभ्या असतात, तिथे कमिटीने वाळूच्या बादल्या शेवटच्या कधी तपासल्या?

प्रश्न : आमचा इंदापूर तालुक्यात ऊस आहे. इथेनॉलमुळे कारखान्याची बिले वेळेवर निघू लागली. पेट्रोलच्या गाड्या गेल्या तर इथेनॉल कोणी घ्यायचे? – एक ऊस उत्पादक

उत्तर : या पत्रातला प्रश्न मला सर्वांत दूरदृष्टीचा वाटला, कारण कारखान्यांच्या वार्षिक सभांमध्ये तो फारसा विचारला जात नाही. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट मुळात २०३० चे होते. ते २०२५ वर आणले गेले आणि गाठलेही गेले. या भरवशावर राज्यातल्या साखर कारखान्यांनी आसवन्या (इथेनॉल तयार करणारे प्रकल्प) उभारल्या व वाढवल्या, आणि त्यांची कर्जे अजून फिटायची आहेत.

विजेच्या गाड्यांचा फटका आपल्याला उद्या बसणार नाही. पेट्रोलचा खप दुचाकी आणि लहान मोटारी यांत होतो, आणि त्या ताफ्यातील जुन्या गाड्या बाहेर पडायला वेळ लागतो. परंतु वीस टक्क्यांपर्यंतची चढण संपली असल्यामुळे, मिश्रणाचे प्रमाण आणखी वाढवले नाही तर इथेनॉलची मागणी पेट्रोलच्या खपापलीकडे वाढू शकत नाही. आणि विजेच्या दुचाकी वाढतील तसा तो खपच मंदावेल. प्रमाण वाढवायचे तर जुन्या गाड्यांच्या रबरी भागांचा आणि मायलेजचा प्रश्न उभा राहतो, कारण एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते.

त्याहून जवळचे दोन धोके विजेच्या गाडीशी संबंधित नाहीत, आणि तेच आपल्याला आधी भोवतील असे मला वाटते. पहिला धोरणाचा : डिसेंबर २०२३ मध्ये साखरेची टंचाई होईल या भीतीने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने एका आदेशाने बंधने आणली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ती पुढच्या हंगामासाठी उठवली. दुसरा स्पर्धकाचा : आता तेल कंपन्यांना मिळणाऱ्या इथेनॉलपैकी निम्म्याहून अधिक इथेनॉल मका आणि तांदूळ यांपासून येते.

इथेनॉलपासून विमानाचे इंधनही करता येते; नवी मागणी तिथून येऊ शकेल, याची एक खूण पुण्यातच दिसली होती. मे २०२३ मध्ये पुणे ते दिल्ली या प्रवासी विमानात प्राज इंडस्ट्रीजने देशी कच्च्या मालापासून तयार केलेले मिश्र इंधन वापरले गेले. आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या इंधनात २०२७ पासून एक टक्का आणि २०२८ पासून दोन टक्के असे हरित इंधन मिसळण्याचे उद्दिष्ट केंद्राने ठेवले आहे. हे प्रमाण फार लहान आहे. त्यावर सारी आसवनी चालणार नाही. त्यामुळे कारखान्याच्या पुढच्या सभेत विस्ताराचा ठराव आला तर त्या कर्जाची मुदत किती वर्षांची आहे आणि आसवनी धान्यावरही चालू शकेल अशी आहे का, हे दोन प्रश्न आपण उभे राहून विचारावेत. आपला कारखाना बगॅसपासून (उसाच्या चिपाडापासून) वीज करून महावितरणला विकत असेल, तर गाळप हंगामात इंदापुरातल्या विजेच्या स्कूटरना आपलाच ऊस थोडाफार हातभार लावतो, हेही खरे आहे.

प्रश्न : माझी मुलगी दहावी झाली. तिला आयटीआयला जायचे आहे. नव्याने निघालेला मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल हा ट्रेड घ्यावा की इलेक्ट्रिशियन? मी स्वतः चाकणला कंत्राटी कामगार आहे. – एक वाचक, राजगुरुनगर

उत्तर : माझी पसंती इलेक्ट्रिशियनला किंवा इलेक्ट्रॉनिक्सशी संबंधित ट्रेडला आहे, आणि त्यानंतर विद्युत वाहनांचा छोटा अभ्यासक्रम करावा. कारण सरळ आहे : इलेक्ट्रिशियनचे प्रमाणपत्र वाहन कंपनीत, चार्जिंग केंद्रावर, सौर प्रकल्पात, रुग्णालयात आणि महावितरणच्या कंत्राटदाराकडेही चालते. विद्युत वाहनाचा ट्रेड वाईट नाही. पण तो घ्यायचा असेल तर त्या संस्थेत मुलांना हाताळायला खरी मोटर, कंट्रोलर आणि बॅटरी पॅक आहे की भिंतीवर तक्ते आहेत, हे आधी जाऊन पाहावे.

आपल्या नोकरीबद्दल आपण विचारले नाही, तरी सांगणे भाग आहे. वेल्डिंग शॉपमध्ये रोबो पूर्वीच आले. आता भागावरचा चरा किंवा छिद्र शोधणारे कॅमेरे तपासणीच्या टेबलावर येत आहेत, आणि विजेच्या गाडीची जुळणी कमी हातांत होते. मंदी नसतानाही कंत्राट नूतनीकरण न होण्याची शक्यता राहते, आणि अशा वेळी कोणी कपात जाहीर करत नाही. आपल्या लाइनवर मेंटेनन्सचे किंवा रोबोच्या देखभालीचे प्रशिक्षण चालू झाले, तर रात्रपाळी पत्करूनही त्यात नाव घालावे, आणि भविष्य निर्वाह निधीचा सार्वत्रिक खाते क्रमांक (यूएएन) कंत्राटदार बदलला तरी तोच राहतो आहे ना, हे दर वेळी तपासावे.

प्रश्न : २०३० पासून पेट्रोलच्या गाड्या विकायला बंदी येणार, असे ऐकले. खरे आहे का? – एक ज्येष्ठ वाचक, नागपूर

उत्तर : तसा कोणताही कायदा झालेला नाही. २०१७ मध्ये केंद्रीय मंत्र्यांनी २०३० पर्यंत सर्व नवी वाहने विजेची करण्याची भाषा केली होती, ती पुढे सुमारे तीस टक्क्यांच्या उद्दिष्टावर आली. २०१९ मध्ये नीती आयोगाने १५० सीसीखालच्या दुचाकी २०२५ पासून केवळ विजेच्याच असाव्यात असे सुचवले होते; उद्योगाने विरोध केला आणि ते बारगळले. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या पेट्रोल दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, विजेच्या वाहनांवरचा पाच टक्केच राहिला, म्हणजे दोघांमधले कराचे अंतर पेट्रोलच्या बाजूने थोडे घटले. आपली सध्याची गाडी चांगली चालत असेल आणि रोजचा फेरफटका चार-पाच किलोमीटरचाच असेल, तर केवळ या अफवेपोटी ती विकू नये. इतक्या कमी वापरात पेट्रोलची बचत नव्या गाडीच्या किमतीची भरपाई करणार नाही.